मापून उकळलेली दोरी

आमच्या बाजारात दाजीचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक चूल आणि काचेच्या बरणीत खटखटे लाडू. तिथे एक वाद गेली कित्येक वर्षं चालू आहे: सड्यावरच्या कॉलेजच्या मैदानात आजवर झालेला सर्वांत मोठा फुटबॉलचा सामना कोणता? दाजीने या वादाला एक नियम घालून दिला आहे. जो सामना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. नियम मोडणाऱ्याला चहा मिळतो, पण बिनदुधाचा.

गंमत अशी की पहिल्या नंबराबद्दल वाद नाहीच. तो सगळ्यांनी मिळून कधीच ठरवून टाकला आहे. गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजची घाटावरच्या एका कॉलेजशी ढालीची अंतिम लढत झाली, ती पहिली. भांडण सुरू होतं ते दुसऱ्या नंबरापासून.

या अंकाचे संपादक आमच्याच कॉलेजचे जुने विद्यार्थी. त्यांनी मला लिहिलं, ‘सावळारामदादा, तुम्ही सगळेच सामने मैदानात उभे राहून पाहिलेत. तुमचा निकाल काय, तो एकदा कागदावर येऊ द्या.’ मी कॉलेजचा शिपाई होतो आणि मैदान माझ्याकडे होतं. व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत शिकलेला माणूस मी, लिहिण्याची सवय हजेरीपटापुरती. तरी लिहायला बसलो आहे. निकाल शेवटी सांगतो. आधी मैदान सांगावं लागेल, नाहीतर बाहेरच्या माणसाला काही कळायचं नाही.

तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा झाला नव्हता, आम्ही रत्नागिरीचेच. आमचं घर रापणीचं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. गावातली चाळीस-पन्नास माणसं दोन्ही टोकांना लागतात तेव्हा ते येतं. माझा बाप रापणीवर, आजा रापणीवर. मी मात्र हायस्कुलात शिपाई म्हणून चिकटलो, आणि त्याच संस्थेने पुढे कॉलेज काढलं तेव्हा कॉलेजात गेलो. खाकी सदऱ्याला माशाचा वास येत नाही, याचा मला फार अभिमान होता. आता लिहिताना लाज वाटते, पण होता.

कॉलेजचं मैदान सड्यावर. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचा जांभ्या दगडाचा उघडा माळ. पावसात त्यावर गवत येतं, दिवाळीनंतर ते जळून जातं आणि खाली लालभडक खडी उरते. त्यावर आमची पोरं अनवाणी फुटबॉल खेळत. बुटांचा प्रश्नच नव्हता. हा खेळ आमच्याकडे आणला गोव्याहून येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आणि बोटीवर खलाशी असलेल्यांनी. बाकीचा मुलूख हुतुतूवर जीव टाकणारा, पण आमचा एवढा एक कोपरा फुटबॉलने बिघडवला होता.

माझं काम दोन गोष्टींचं, चेंडू आणि रेघा. त्या वेळचा चेंडू म्हणजे चामड्याचं कवच, आत रबरी फुगा, तोंडाला वादी. खाऱ्या हवेने चामडं तडकायचं. घाटावर म्हणे त्याला बाजारातलं मलम लावत. मी मोरीचं, म्हणजे मुशीच्या जातीच्या माशाचं, तेल लावत असे, आमच्याकडे होड्यांना लावतात तेच. त्याने चामडं लोण्यासारखं राहतं. वास मात्र असा येतो की मांजरं मैदानाच्या कडेने बसून राहत. एकदा एका शाकाहारी कॉलेजचा गोलकीपर आला. पहिलाच चेंडू त्याने छातीशी धरला आणि जो सोडला तो परत म्हणून धरला नाही, दोन बोटांनी ढकलत राहिला. आम्ही पाच गोल केले. दाजीचं मत असं की त्यातले तीन तेलाने केले. दुसऱ्या नंबराला दाजी नेहमी हाच सामना लावतो आणि पोस्टातून निवृत्त झालेले आबा चिडतात. आबांचा दुसरा नंबर वेगळाच आहे. त्या सामन्यात चेंडू सड्याच्या कड्यावरून खाली समुद्रात गेला, रापणवाल्यांनी तो काढून दिला, आणि तोवर पाऊण तास दोन्ही संघ आणि पंच कड्यावर ओळीने बसून समुद्राकडे बघत राहिले. आबा म्हणतात, एवढा सभ्य सामना पुन्हा झाला नाही.

आता रेघा. मैदानात रेघा मारतात ती फक्की, म्हणजे चुन्याची कोरडी भुकटी. आमच्याकडे शिंपल्या भाजून चुना करतात. ताजा चुना अनवाणी पायाला भाजतो, म्हणून मी तो महिनाभर आधी पाणी मारून विझवून, वाळवून, चाळून ठेवत असे. मैदानाच्या चार कोपऱ्यांना आणि गोलाच्या खांबांशी जांभ्याचे चिरे पुरलेले होते, तेव्हा बाहेरच्या रेघा दरवर्षी त्याच जागी यायच्या. पण गोलासमोरचा मोठा चौकोन मात्र दर खेपेला मापून काढायचा. तो सगळ्यात महत्त्वाचा. त्या चौकोनात बचाव करणाऱ्याने कुणाला पाडलं तर पेनल्टी, म्हणजे गोलकीपरसमोर मोकळा चेंडू, गोल झाल्यातच जमा. चौकोनाच्या बाहेर पाडलं तर साधी फ्री किक, समोर माणसांची भिंत. चार बोटांच्या फक्कीने एवढा फरक पडतो. गोलाच्या रेघेपासून या चौकोनाची रेघ अठरा वार असते. ते मापायला माझ्याकडे गाठी मारलेली दोरी होती.

आमच्या मैदानात एक म्हातारो होता. डाव्या हाताच्या गोलासमोर, सपाट खडीतून वर आलेलं जांभ्याचं टेंगूळ, नारळाएवढं. पहारीने फुटलं नाही, म्हणून तसंच राहिलं होतं. त्यावर आपटून एकाही पोराच्या अंगठ्याचं नख शाबूत नव्हतं. पोरांनीच त्याला म्हातारो नाव ठेवलं. तो कायम चौकोनाच्या आत असायचा, रेघेपासून हातभर आत.

ढालीच्या त्या वर्षी जुनी दोरी उंदरांनी खाल्ली. प्राचार्यांनी नवी आणायला सांगितली. मी सुताची चांगली दोरी आणली, बांधकाम खात्याच्या ओव्हरसियरकडची पोलादी टेप दोन तासांसाठी मागून घेतली, आणि अगदी डोळ्यांत तेल घालून गाठी मारल्या. घाटावरचा मोठा संघ यायचा होता, कुणी बोट दाखवता कामा नये. मग मनात आलं, एवढी चांगली दोरी पावसात कुजायला नको, आणि पांढऱ्या फक्कीत पांढरी दोरी दिसतही नाही. आमच्या वाड्यात त्याच दिवशी जाळी उकळत होते. ऐनाच्या सालीचा काढा मोठ्या भाणात उकळवून त्यात जाळं बुडवतात, म्हणजे सूत तांबडं होतं आणि खाऱ्या पाण्यात कुजत नाही. मी माझी दोरी त्याच भाणात टाकली. सकाळी काढून कुंपणावर वाळत घातली. झकास तांबडा रंग आला होता.

त्या दोरीने मी सामन्याच्या रेघा मारल्या.

आमचा कर्णधार गुणाजी. आतल्या गावचा, भातशेतीवाल्या घरातला, कॉलेजात आलेला त्यांच्या घराण्यातला पहिलाच. रोज दोन कोस चालत यायचा, तेवढंच परत जायचा, आणि मध्ये दीड तास खेळायचा. बोलणं थोडं. पुढे शिकून मास्तर व्हायचं, एवढं त्याने ठरवलेलं होतं आणि ते तो कुणालाही न लाजता सांगायचा. मैदान साफ करायला मला मदत करणारा तो एकटाच. ‘सावळोदादा’ म्हणायचा मला.

पंच होते पिंटो मास्तर, वेंगुर्ल्याकडचे शाळामास्तर. सरळ माणूस. शिट्टी वाजवण्याआधी विचार करणारे आणि वाजवल्यावर न करणारे.

सामना कसा झाला ते मी काय सांगू. दाजीच्या हॉटेलात कुणालाही विचारा, तो तास-दीड तास सांगेल. सगळा गाव सड्यावर होता. त्यांच्या पायांत बूट, आमची पोरं अनवाणी. त्यांनी एक घातला, आमच्या गुणाजीने अर्ध्या मैदानावरून चेंडू नेऊन तो फेडला. एक-एक. शेवटची पाच-सहा मिनिटं राहिली आणि गुणाजी पुन्हा सुटला. दोघांना चुकवलं, तिसऱ्याने मागून बूट घातला. गुणाजी पडला तो नेमका म्हाताऱ्यावर. शिट्टी झाली. गाव नाचायला लागलं. पेनल्टी!

पिंटो मास्तर धावत आले, खाली बघितलं, आणि त्यांनी चेंडू रेघेच्या बाहेर ठेवला.

गुणाजी रक्ताळलेल्या गुडघ्याने उठला. ‘मास्तर, ह्या काय? म्हातारो आत आसता.’

‘गुणाजी, दगड बघू नकोस. रेघ बघ.’

रेघ दगडाच्या आत होती. हातभर. मी कडेला फक्कीचा डबा घेऊन उभा होतो, मलाही ते तेव्हाच पहिल्यांदा दिसलं. सकाळी खाली मान घालून दोरीबरोबर चालताना माझं लक्ष दोरीवर होतं, दगडावर नव्हतं. पिंटो मास्तरांनी मला हाक मारली.

‘सावळाराम, ही रेघ मापून मारलीस?’

‘होय मास्तर. टेपेच्या मापान.’

खोटं बोललो नव्हतो. तोवर नव्हतो. गुणाजी माझ्याकडे वळला. तो रागावलेला नव्हता, त्याला वाटत होतं आता सगळं ठीक होणार. ‘सावळोदादा, तू रोज हयसर रेघ मारतंस. म्हातारो खंय आसता ता तूच सांग.’

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या गाठींवर, माझ्या टेपेवर कुणी सगळ्यांदेखत बोट ठेवलं होतं. आणि मला कुठून ते शहाणपण सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, ‘रेघ मापाची आसा रे. म्हातारो काय मापाचो नाय.’

लोक हसले. घाटावरचे हसले, आमचेही हसले. चांगला विनोद होता. दाजी अजून तो सांगतो आणि माझ्या पाठीत थाप मारतो.

गुणाजी हसला नाही. त्याने आजूबाजूच्या हसणाऱ्या तोंडांकडे एकदा बघितलं आणि तो त्या दगडावर मांडी घालून बसला. ‘मी हयसून उठूचंय नाय. आधी मापा.’ पिंटो मास्तरांनी तीनदा सांगितलं. मग त्याला खेळातून बाहेर काढलं. तो उठेना, तेव्हा दोन प्राध्यापकांनी त्याला काखेत धरून उचलून नेलं. आमची फ्री किक भिंतीवर आपटली. दहा जणांनी खेळताना शेवटच्या मिनिटाला आमच्यावर गोल झाला. ढाल घाट चढून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी परत कुंपणावर होती. बाबा किनाऱ्यावरून आले, दोरी हातात घेतली, वास घेतला.

‘ही भाणात टाकलंस तू?’

‘होय. कुजात म्हणान.’

‘मापून उकळलंस काय उकळून मापलंस?’

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. बाबा शिकलेले नव्हते. त्यांचं माप वावेचं, म्हणजे दोन्ही हात पसरले की एक वाव. अठरा वार म्हणजे बरोबर नऊ वाव. त्यांनी गोलाच्या गाठीपासून चौकोनाच्या गाठीपर्यंत दोरी छातीवरून सरकवत नेली आणि थांबले. साडेआठ.

‘सूत उकळला की आटता,’ बाबा म्हणाले. ‘म्हणान आमी जाळा आधी मोठा इणतो. रापणकाराचो झील तू, ह्या तुका म्हायत नाय?’

माहीत होतं. आमच्या वाड्यातल्या शेंबड्या पोराला ते माहीत होतं. पण दोरी कॉलेजची, टेप सरकारची, आणि मी खाकी सदऱ्यातला. घरचं शहाणपण मी घरी ठेवून कामावर जात होतो. अर्धी वाव म्हणजे दोन हात. म्हातारो खऱ्या रेघेच्या हातभर आत होता, माझ्या रेघेच्या हातभर बाहेर पडला.

मी सड्यावर गेलो. बाबांना घेऊन गेलो, त्यांच्या वावेने मापलं. गुणाजीचं बरोबर होतं. तिथे त्याचं रक्त अजून दगडावर वाळलेलं होतं. आणि मी काय केलं? खराटा घेतला आणि सगळ्या रेघा झाडून टाकल्या. सामना संपला की रेघा पुसायच्याच असतात, असं स्वतःला सांगत झाडल्या. बाबा बांधावर बसून बघत होते. खाली उतरताना ते एवढंच म्हणाले, ‘मास्तरांक जावन सांग.’ मी होय म्हटलं.

सोमवारी प्राचार्यांच्या खोलीत बैठक होती. गुणाजीला बोलावलं होतं. मलाही बोलावलं. त्या महिन्यात मी कायम होणार होतो, माझे कागद सहीला त्याच टेबलावर होते. हे मी सबब म्हणून लिहीत नाही, होतं ते लिहितो. सबबीला ते पुरेसंही नाही. प्राचार्य चांगले होते. मी चूक सांगितली असती तर दोन शब्द बोलले असते आणि सोडून दिलं असतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मला भीती कागदांची नव्हती. भीती होती ती हसण्याची. सगळा गाव ज्या वाक्याला हसला होता, तो गाव आता मला हसला असता. रापणकाराच्या पोराने मापाची दोरी उकळली म्हणून.

‘पंचांची लेखी माफी माग,’ प्राचार्य म्हणाले.

‘धोंडो आत आसा, सर.’

‘इथे नीट मराठीत बोल.’

गुणाजी सरळ उभा राहिला. पुस्तकातल्यासारखं, एकेक शब्द सुटा करत तो म्हणाला, ‘सर, दगड आत आहे. आपण मापून पाहावे.’

प्राचार्य जरा विचारात पडले. मग म्हणाले, ‘ठीक आहे. तुझं समाधान होऊ दे. सावळाराम, दोरी आण.’

टेप ओव्हरसियर घेऊन गेले होते. मी दोरी आणली. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी स्वतः जाऊन, खुंटीवरून काढून, तीच दोरी आणली. आम्ही सगळे सड्यावर गेलो. एक टोक एका प्राध्यापकांनी गोलाच्या खांबाशी पुरलेल्या चिऱ्यावर धरलं, दुसरं मी धरलं. मी ती ताणून धरली, चांगली ताणून, जणू ताणल्याने तिचे दोन हात परत येतील. गाठ दगडाच्या अलीकडेच राहिली.

गुणाजी वाकून गाठीकडे बघत होता. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. आधी त्याला नवल वाटलं. मग तो दोरीच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत चालत आला, पुन्हा गेला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलेन म्हणून थांबला असावा. आणि मग त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, ते पुन्हा कधी चढलेलं मी पाहिलं नाही. माणूस हरतो तेव्हा असा दिसत नाही. तो सामना हरला तेव्हाही असा दिसला नव्हता.

माफी मात्र त्याने लिहून दिली नाही. माझ्या डोळ्यांना जे दिसलं ते मी बोललो, असं काहीसं म्हणाला आणि घरी गेला. परत आला तो दाखला न्यायला. वर्तणुकीच्या रकान्यात ‘उद्धट’ लिहिलेलं होतं. शाई वाळवून दाखला त्याच्या हातात मीच दिला. तसल्या दाखल्यावर त्याला दुसऱ्या कॉलेजने घेतलं नाही. मास्तरकी राहिली. तो मुंबईला गोदीत हमालीवर लागला, असं कळलं.

मी कायम झालो.

पुढची दोरी मी उकळून मापली. त्यानंतर शेकड्यांनी सामने झाले, माझी एक रेघ बोटभर चुकली नाही. पाहुणे पंच माझ्या मैदानाची तारीफ करत. तारीफ ऐकली की मी खराटा उचलून चालू लागायचो.

चार-पाच वर्षांनी गणपतीला सुट्टीवर आलेला गुणाजी मला मालवणच्या एस.टी. स्टँडवर भेटला. वाळला होता, डोळे पिवळट. मी तोंड चुकवणार तेवढ्यात त्यानेच हाक मारली. मी त्याला चहा पाजला. त्याने चहा बशीत ओतला.

‘सावळोदादा, तुजी माफी मागूची ऱवली,’ तो म्हणाला.

‘माजी? कित्याक?’

‘सगळ्यांसमोर तुज्या रेघेक खोटी म्हटलंय मी. तू बिचारो मापून मारलंलंस.’ तो हसला. ‘पण खरा सांगतंय, माका म्हातारो आतच दिसलो होतो. रोज बघलेलो धोंडो. डोळे असे कशे फसतत रे?’

मी खिशातून चहाचे पैसे काढून मोजू लागलो.

‘तवाधरून माजो माज्यारच इस्वास नाय. गोदीत बोऱ्ये मोजतंय, तर दुसऱ्याक इचारतंय, बाबा, तू पण मोज. मुकादम हसता माका.’

मी तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. बाजूला माणसं होती, गाडी लागत होती, कंडक्टर ओरडत होता, अशी कितीतरी कारणं मी नंतर गोळा केली. एकही खरं नाही. त्याने माझा हात हातात घेतला होता आणि तो माझी माफी मागत होता. त्या हातातून हात सोडवून खरं बोलण्याइतका मी कधीच मोठा नव्हतो. पुढच्या सुट्टीत सांगू, असं ठरवलं. गाडी गेली. पुढच्या शिमग्याला आबांच्या पोस्टात गुणाजी गेल्याची तार आली. कावीळ झाली होती. आतल्या गावी ती तार पोचवायला मीच गेलो, कारण आबांकडे त्या दिवशी माणूस नव्हता. त्याच्या आईने मला ओळखलं. ‘तुजा नाव काडी हां तो,’ ती म्हणाली, आणि मला पाणी दिलं.

त्यानंतर एक दिवस दाजीच्या हॉटेलात मी बोललो. पहिल्या नंबराची उजळणी चालली होती. दाजी नेहमीच्या ठिकाणी आला, ‘सगळा बरा झाला आसता, पण गुणो डोक्यावर पडलो आणि धोंड्यार बसलो,’ आणि मला ते ऐकवेना. मी सगळं सांगितलं. भाण, ऐनाची साल, साडेआठ वाव, खराटा, सगळं.

दाजी आधी हसला. त्याला वाटलं मी नवा विनोद करतोय. मग तो गंभीर झाला. ‘काय तरीच काय सांगतंस? इतक्यो वर्सा गप ऱवलंस आणि आता तो मेल्यावर ह्या काडतंस? तुका वायट वाटता तेच्यासाठी, माका समाजता. पण म्हणान आसला कायतरी बोलू नये.’

‘खरा सांगतंय दाजी. रेघ चुकली होती.’

तेव्हा आबा बोलले. आबा शांत माणूस, कधी आवाज चढवत नाहीत. ‘सावळ्या, गुणाजीन स्वता माका सांगल्यान. मुंबईक परत जाताना पोस्टात इल्लो. रेघ बरोबर होती, आपलीच चूक झाली म्हणालो. जो बसलो तोच जर असा म्हणता, तर तू कोण रे सांगणारो?’

त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. मी आणखी काय पुरावा देणार? दोरी मी केव्हाच चुलीत घातली होती. बाबा गेले होते. पिंटो मास्तर गेले होते. आणि म्हाताऱ्याला त्याआधीच्या उन्हाळ्यात सुरुंग लावून काढलं होतं, मैदान सपाट करायला. सुरुंगाचं भोक पाडणाऱ्या माणसाला जागा दाखवायला मीच उभा होतो. ज्या एका माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला असता, त्याला मी दोरी दाखवून गप्प केलं होतं. दाजीने माझ्यापुढे दुसरा चहा ठेवला, दूध घातलेला, आणि वाद दुसऱ्या नंबरावर गेला.

अजूनही तो तिथेच आहे. संध्याकाळी मी जाऊन बसतो. दुसरं जाणार कुठे? मोरीच्या तेलाची गोष्ट निघाली की हसतो. पहिल्या नंबराची निघाली की बशीत बघतो. लोक म्हणतात म्हातारपणी मी मऊ झालो.

संपादकांनी निकाल मागितला आहे. सामना सगळे म्हणतात तेवढाच मोठा होता, त्यात मला काही कमी करायचं नाही. पोरं खेळली ती खरी खेळली. फक्त एक वाक्य मला या अंकात छापून हवं आहे, आणि ते संपादकांनी शुद्ध करू नये. प्राचार्यांच्या खोलीत गुणाजीला ते त्याच्या बोलीत बोलू दिलं नव्हतं, आणि खरं असूनही त्याला ते पुढे स्वतःशीसुद्धा म्हणता आलं नाही. वाचायला तो नाही, त्याची आईही आता नाही. तरी लिहितो.

धोंडो आत होतो.